मेमरी कार्ड महाग का झालंय? आणि ट्रिपला ४के व्हिडिओ काढायचा तर नेमकं कोणतं कार्ड घ्यायचं?

आषाढी वारीत लोणंद सोडून पालखी तरडगावच्या वाटेला लागली की चांदोबाचा लिंब येतो. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. दोन्ही बाजूंना वारकरी, मधून माऊलींचा अश्व धावतो आणि काही सेकंदांत विषय संपतो. तेवढ्यासाठी मी सकाळपासून जागा धरून बसलो होतो. मित्राकडून मागून आणलेला अॅक्शन कॅमेरा, ४के, सेकंदाला ६० फ्रेम, सगळं सेट. अश्व नजरेच्या टप्प्यात आला आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मेसेज आला, कार्डचा वेग कमी आहे, रेकॉर्डिंग थांबवलं.

आता माऊलींच्या अश्वाला 'परत एकदा पळ' असं म्हणता येत नाही.

कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता. कार्डही खराब नव्हतं. जुन्या फोनमधलं ६४ जीबीचं कार्ड मी उचलून कॅमेऱ्यात घातलं होतं. चूक तिथंच झाली होती आणि ती समजायला मला पाचवीतला भागाकार पुरला. तो भागाकार पुढे सांगतो. आधी सध्याचा विषय, कारण यंदा नवीन कार्ड घ्यायला गेलेल्या बऱ्याच जणांना दुकानात धक्का बसलाय.

एआयचा आणि तुमच्या कार्डाचा संबंध काय?

मेमरी कार्डाच्या आत जी चिप असते तिला नँड फ्लॅश म्हणतात. पेन ड्राईव्ह, फोनचं स्टोरेज, लॅपटॉपची एसएसडी, सगळ्यात हीच चिप. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, मायक्रॉन आणि सॅनडिस्क ही त्यातली मुख्य नावं. दुकानात दिसणाऱ्या बाकी बहुतेक ब्रँडच्या कार्डात चिप यांच्यापैकीच कुणाची तरी असते.

२०२३ मध्ये या कंपन्यांची हालत वाईट होती. लॉकडाऊनमधली लॅपटॉप-फोनची खरेदी ओसरली, माल पडून राहिला, भाव कोसळले. मग कंपन्यांनी उत्पादनच कमी केलं. त्यानंतर एआयची लाट आली. एआयच्या डेटा सेंटरला प्रचंड मेमरी लागते आणि प्रचंड स्टोरेजही लागतं. ही गिऱ्हाईकं घाऊक माल उचलतात आणि जास्त पैसे मोजतात. साहजिकच कारखान्यातला माल आधी तिकडे जातो. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅम आणि फ्लॅश दोन्हींचे भाव चढायला लागले ते यामुळे.

वारं कुठल्या दिशेला आहे हे दोन गोष्टींवरून कळतं. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठी रॅम आणि एसएसडी विकणारा 'क्रुशियल' हा त्यांचा ब्रँड ते बंद करतायत. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं, एआय डेटा सेंटरची मागणी. आणि मेमरी कार्ड म्हटलं की आपल्याकडे जिचं नाव आधी तोंडात येतं ती सॅनडिस्क फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलपासून वेगळी झाली, तिचा शेअर त्याच वर्षात कित्येक पटींनी वाढला. गुंतवणूकदारांसाठी आनंदाची बातमी. ट्रिपला निघालेल्या माणसासाठी नाही.

भाव वाढले की दोन गोष्टी होतात. माणूस स्वस्तातलं शोधतो, आणि स्वस्तातलं शोधणाऱ्याला गाठणारे बरोबर उभे असतात. त्यांच्याकडे येऊच. आधी तो भागाकार.

आठने भागा

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये किंवा माहितीपत्रकात 'बिटरेट' दिलेला असतो. एका सेकंदाच्या व्हिडिओत किती डेटा तयार होतो, हे तो आकडा सांगतो. तो असतो मेगाबिटमध्ये. कार्डावरचा वेग असतो मेगाबाईटमध्ये. आठ बिटचा एक बाईट, म्हणून बिटरेटला आठने भागायचं.

माझा कॅमेरा त्या दिवशी १०० मेगाबिटवर शूट करत होता. भागिले आठ, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाईट. माझ्या कार्डावर होतं 'क्लास १०'. त्याचा अर्थ, हे कार्ड सेकंदाला किमान १० मेगाबाईट सलग लिहील एवढीच हमी. बऱ्याचदा कार्ड हमीपेक्षा जास्त वेगाने चालतं, म्हणून आदल्या दिवसापर्यंत काही जाणवलं नव्हतं. पण जुनं कार्ड, अर्धंअधिक भरलेलं, उन्हात तापलेलं. अडीच मेगाबाईटसाठी रिंगण गेलं.

व्हिडिओसाठी कार्डावर एकच खूण शोधायची. इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यापुढे आकडा. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाईट सलग लिहिण्याची हमी. व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. काही कार्डांवर यू अक्षरात ३ लिहिलेलं असतं, तीही ३० चीच हमी.

आता बाजारातल्या कॅमेऱ्यांना हा हिशोब लावून बघू. गोप्रो हिरो १३ ब्लॅकचा जास्तीत जास्त बिटरेट १२० मेगाबिट, म्हणजे १५ मेगाबाईट. व्लॉगर मंडळींच्या हातात दिसणारा डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ जातो १३० मेगाबिटपर्यंत, म्हणजे सव्वासोळा. डीजेआय मिनी ४ प्रो हा ड्रोन १५० मेगाबिट, म्हणजे पावणेएकोणीस. तिघांनाही व्ही ३० चं कार्ड पुरून उरतं. व्ही ९० घेतलं तर व्हिडिओ जास्त चांगला येत नाही. कार्ड चित्र सुधारत नाही, ते फक्त साठवतं.

व्ही ९० लागतं ते मोठ्या कॅमेऱ्यात, तेही ठरावीक सेटिंगला. सोनीच्या ए सेव्हन मार्क ४ मध्ये 'ऑल इंट्रा' प्रकारात ४के ६० फ्रेम शूट केलं की बिटरेट ६०० मेगाबिटवर जातो. भागिले आठ, ७५. इथं व्ही ६० सुद्धा कमी पडतं. पण लग्नाचे व्हिडिओ किंवा जाहिराती करणाऱ्यांचा तो विषय. दापोलीला चार दिवस चाललेल्या माणसाला ही सेटिंग लागत नाही.

पाकिटावरचा मोठा आकडा

कार्डाच्या पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, '२०० एमबी प्रति सेकंद'. तो आकडा असतो वाचण्याचा वेग. कार्डातून लॅपटॉपवर फाईल घेताना किती भरभर येतील, तो. शूटिंग करताना कार्डावर लिहिलं जातं, आणि लिहिण्याचा वेग बहुतेक कार्डांत यापेक्षा बराच कमी असतो.

आणखी एक गंमत. आपण वापरतो ती बहुतेक कार्ड यूएचएस-वन प्रकारची असतात, आणि त्या प्रकाराची ठरलेली मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाईट आहे. मग २०० कुठून आले? कंपन्यांनी मर्यादेच्या पलीकडे जाणारं स्वतःचं तंत्र काढलंय, ते त्यांच्याच किंवा त्याला जुळणाऱ्या कार्ड रीडरमध्ये चालतं. साध्या रीडरमध्ये तेच कार्ड शंभरच्या आत येतं.

ए १, ए २ या खुणांचंही तसंच. कार्डावरून अॅप चालवायची असतील तर त्या उपयोगी, व्हिडिओसाठी त्यांच्यावर वेगळे पैसे घालवू नका. आणि सध्या दुकानदार 'मायक्रोएसडी एक्सप्रेस' दाखवायला लागलेत. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ आला, त्याला हीच कार्ड लागतात, म्हणून ती बाजारात आली. तुमच्या अॅक्शन कॅमेऱ्यात हे कार्ड घातलं तर ते यूएचएस-वनच्याच वेगाने चालणार. महागाईच्या दिवसांत हा खर्च कशाला?

किती जीबी?

१०० मेगाबिटवर एका तासाला ४५ जीबी होतात, १२० मेगाबिटवर ५४. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात गोप्रोच्या सर्वात वरच्या सेटिंगला साधारण सव्वादोन तास. ऐकायला कमी वाटतं. पण ट्रिपचा एक दिवस आठवा. हरिश्चंद्रगडावर चढताना अखंड कॅमेरा कुणी चालू ठेवत नाही. वीस-तीस सेकंदांचे तुकडे काढले तर दिवसाचं फूटेज तासाच्या आतच बसतं. बाईकवर हेल्मेटला कॅमेरा लावून पूर्ण घाट शूट करणाऱ्यांचा हिशोब मात्र वेगळा, त्यांना २५६ लागेलच.

एक मोठं कार्ड घ्यावं की दोन लहान, यावर मित्रांमध्ये भांडणं होतात. माझं मत दोन कार्डांच्या बाजूने. एक गेलं तर अर्धी ट्रिप हातात राहते. समोरची बाजू म्हणते, नखाएवढं कार्ड गडावर, वाऱ्यात, ओल्या हातांनी बदलताना पडलं तर? मुद्दा खरा आहे. म्हणून कार्ड बदलायचं ते रात्री, मुक्कामी, खोलीत बसून. आणि वापरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे भरलेलं कोणतं आणि रिकामं कोणतं हा गोंधळ होत नाही.

आयफोनला कार्डाची सोय कधीच नव्हती. सॅमसंगने २०२१ मध्ये एस २१ पासून एस सिरीजमधली ती काढून टाकली. अशा फोनवर मोठे व्हिडिओ करणाऱ्यांना आता यूएसबी-सीला लागणारी छोटी एसएसडी घ्यावी लागते. आयफोन १५ प्रोपासून ४के प्रोरेस ६० फ्रेमला तर बाहेरचं स्टोरेज लावावंच लागतं. त्या एसएसडीत पण तीच नँड चिप, त्यामुळे महागाईतून तिथंही सुटका नाही.

एक टीबी, पाचशे रुपये

अशी जाहिरात तुम्हाला रीलच्या मध्ये दिसली असेल. हे कार्ड बनतं असं: आत खरी चिप १६ किंवा ३२ जीबीची. तिच्या कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग बदलून फोनला सांगायला लावतात की जागा १ टीबी आहे. फोन आणि कॅमेरा विश्वास ठेवतात. पहिले ३२ जीबी नीट भरतात. त्यापुढचा डेटा एकतर हवेत जातो किंवा आधीच्या फाईलवरच लिहिला जातो. कार्डावर फाईलींची नावं दिसतात, साईझ दिसते, व्हिडिओ मात्र उघडत नाही. आणि हे कळतं कधी? ट्रिपवरून घरी आल्यावर.

नामांकित ब्रँडचं हुबेहूब पाकीट असलेली नकली कार्डही असतात. कार्ड बघून ओळखणं अवघड, ते भरून बघायचं. विंडोज लॅपटॉपवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' ही मोफत साधनं कार्ड पूर्ण भरतात आणि लिहिलेलं परत वाचून तपासतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. लॅपटॉप नसेल तर जुने व्हिडिओ कॉपी करत कार्ड काठोकाठ भरा आणि पहिले, मधले, शेवटचे उघडून बघा. निघायच्या आदल्या रात्री नाही, वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत.

नकली निघालं तर गप्प बसू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे वेबसाईटने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणंही बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. तपासणीचे स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा.

आणि फूटेज उडालंच तर

कार्ड लगेच बाहेर काढा. त्यावर आणखी एकही शॉट घेऊ नका. डिलीट झालेली फाईल लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, पण नवीन शूटिंग त्याच जागेवर बसू शकतं. 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याचदा काही ना काही परत आणतं, मोठे व्हिडिओ मात्र तुकड्यांत मिळू शकतात. बॅटरी संपून रेकॉर्डिंग मध्येच तुटलं असेल तर ते कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालून बघा. गोप्रोसारखे कॅमेरे अर्धवट फाईल स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न करतात.

विमानतळावरच्या एक्स-रेने कार्डातला डेटा जातो, ही भीती काढून टाका. ती फिल्मच्या रोलची गोष्ट.

मी त्यानंतर व्ही ३० ची १२८ जीबीची दोन कार्ड घेतली. घरी आणल्यावर दोन्ही पूर्ण भरून तपासली, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली. पुढच्या आषाढीला चांदोबाचा लिंब परत आहेच. मित्राने कॅमेरा दिला पाहिजे फक्त.