तोरणमाळचा घाट आणि ऑक्टेनचा आकडा
ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. सिलिंडरमधल्या दाबाने ते अवेळी, आपोआप पेटण्याला किती विरोध करते, एवढेच सांगतो. शहाद्याहून तोरणमाळचा घाट भरल्या गाडीने वरच्याच गिअरमध्ये रेटला, की पेट्रोल असे अवेळी पेटून इंजिन नॉक करू लागते, बॉनेटखालून खडखड ऐकू येते. नव्या गाड्यांत नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर ठिणगी उशिरा पाडली जाते; आवाज थांबतो, पण ओढ आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही घटतात. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला म्हणून ९५ ऑक्टेन मानवते. ९१ वर समाधानी असलेल्या साध्या इंजिनात ते ओतणे म्हणजे निव्वळ पैशांचा धूर. उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन शंभरावर, उष्मांक मात्र पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश; त्यामुळे २० टक्के मिश्रणात नॉकिंग कमी होते, तरी लिटरमागचे किलोमीटर थोडे घटतात.