एका कोयत्यात माणसं किती?

आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग अर्धा व्हायचा. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी सातवीपर्यंत शिकलो. माझ्या शेजारी बसणारा मित्र, त्याची धाकटी बहीण, मागच्या बाकावरची चार-पाच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या पुढेमागे परत यायची. हजेरीच्या रजिस्टरात मात्र ती रोज ‘हजर’ असायची. पट कमी दिसला तर शिक्षकाचं पद जाईल, अशी सरांना धास्ती होती. सरांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यामुळे आमच्या शाळेतून वर गेलेला स्थलांतरित मुलांचा आकडा शून्य होता.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. दिवसभर डेटाबेसशीच गाठ असते. तक्त्यात चूक सापडली की मला अजूनही ते रजिस्टर आठवतं. त्यातली नावं खरी होती, जन्मतारखाही खऱ्या होत्या. फक्त माणसं तिथं नव्हती.

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, स्थलांतर समजून घ्यायला फार सोयीचा आहे. वरच्या बाजूला अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले, त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि देशभरात नावाजला. खालच्या बाजूला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत. इथे पावसाचा भरवसा नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी शेवटपर्यंत होता. एकाच जिल्ह्याचा एक भाग कोयते मागवतो आणि दुसरा भाग कोयते पाठवतो. आमच्याकडच्या टोळ्या राहुरी-नेवाशालाच थांबत नाहीत. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर करत त्या कर्नाटकात बेळगावपर्यंत जातात.

‘कोयते पाठवतो’ असं मी मुद्दाम लिहिलं. या धंद्यात माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. उचल दिली जाते ती कोयत्याला. ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि मुकादमाच्या वहीत त्याचंच नाव लागतं. नवरा ऊस तोडतो, बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, कोपीवर येऊन भाकरी थापते. हिशेबाच्या वहीत ती नवऱ्याच्या नावात मिसळून गेलेली असते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. चांगलं झालं. पण गणित करून बघा. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ७३२ रुपये झाले. ते दोघांचे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंतच्या कामाचे माणशी ३६६. आणि आधी घेतलेली उचल त्यातूनच फिटायची असते.

कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचा हिशेब किलोपर्यंत लागतो. कोणत्या गटातून कोणत्या तारखेला किती टन आला, साखरेचा उतारा किती पडला, सगळं संगणकात असतं. आणि महाराष्ट्रात ऊसतोड मजूर किती? कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा, कुणी पंधरा. आठ आणि पंधरा यांच्यात सात लाख माणसांचा फरक आहे. आमच्या कामात एवढी तफावत दिसली तर आम्ही ती यंत्रणा बंद करून दुरुस्तीला घेतो.

ही माणसं मोजणीतून गळतात तरी कशी? एक गळती जनगणनेत आहे. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. येणाऱ्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. फेब्रुवारी हा गळिताचा भर. गावात घराला कुलूप किंवा म्हातारी माणसं, आणि घरची कर्ती जोडी दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात. २०११ च्या नियमानुसार, मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा होता. आता तो सापडावा म्हणून प्रगणकाला फडाकडेच्या कोप्यांपर्यंत जावं लागेल. कोप्यांची जागा तर दर काही आठवड्यांनी हलते. शिवाय २०११ चे स्थलांतराचे सविस्तर तक्ते बाहेर आले २०१९ च्या सुमारास. तोपर्यंत त्या वेळचं तान्हं मूल तिसरीत गेलं होतं.

दुसरी गळती व्याख्येत आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचं ते ठरवलं : वर्षभरात कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेली व्यक्ती. गळीत हंगाम पाच महिन्यांचा की साडेसहा, हे पाऊस आणि ऊस किती यावर ठरतं. म्हणजे तोच माणूस एका वर्षी व्याख्येत बसेल आणि पुढच्या वर्षी बाहेर पडेल.

तिसरी गळती कायद्यात आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा आंतरराज्य होता. बेळगावला गेलेला पाथर्डीकर त्याच्या कक्षेत येत होता. कोल्हापूरला गेलेला त्याचा सख्खा भाऊ येत नव्हता, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नव्हती. २०२० च्या श्रमसंहितेनेही ‘आंतरराज्य’ हा शब्द तसाच ठेवला.

आपल्या समाजाच्या डोक्यात स्थलांतराचं जे चित्र आहे, तेही तपासायला हवं. आपल्या मोहल्ल्यात ‘बाहेर गेला’ म्हटलं की आखाती देश. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा दुबईला आहे’ हे अभिमानाने सांगतात. ‘मुलगा कोल्हापूरला फडावर आहे’ असं कुणी सांगत नाही. आमच्या गावच्या टोळीत वंजारी, मराठा, बंजारा, दलित आहेत, तसे शेख आणि पठाणही आहेत. गावच्या मशिदीत जुम्याला दिवाळीनंतर एक सफ कमी भरते. ही माणसं कुठे गेली, याची चर्चा आपल्या बैठकांत होत नाही. आणि दुबईचा आकडा तरी आपल्याकडे पक्का आहे का? दहावी झालेल्याच्या पासपोर्टला आखातात कामाला जाताना परवानगीचं बंधन सहसा नसतं. त्यामुळे परवानगीच्या नोंदींतून जो आकडा निघतो, त्यात तो नसतोच.

असंच चुकीचं चित्र जगाने आफ्रिकेचं करून ठेवलं आहे. आफ्रिकेतलं स्थलांतर म्हटलं की भूमध्य समुद्रातल्या बोटी आठवतात. संयुक्त राष्ट्रांचे २०२० चे आकडे बघा. सुमारे २ कोटी १० लाख आफ्रिकी माणसं स्वतःचा देश सोडून आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात राहत होती. खंडाबाहेर होती सुमारे १ कोटी ९५ लाख. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं शेजारीच गेली. योगायोग बघा, ज्या १९७९ मध्ये आपल्याकडे आंतरराज्य कायदा झाला, त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेच्या देशांनी एकमेकांच्या नागरिकांना ये-जा आणि वास्तव्य मोकळं करण्याचा करार केला. अंमलबजावणीत तिथेही खूप अडचणी आहेत. पण कामासाठी फिरणारा माणूस गृहीत धरून नियम करता येतो, एवढं तरी त्यातून दिसतं.

आफ्रिका आपल्याला वाटते तेवढी लांबही नाही. निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बदलत दख्खनला पोहोचला. त्याच्या जमीनमोजणीचं आणि साऱ्याच्या पद्धतीचं कौतुक आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. फक्त हेही लक्षात ठेवू या की तो इथे आला तेव्हा कुणाच्या तरी वहीत मालाची एक नोंद होता. नंतर त्याने शेतं मोजली. त्याच्यासारख्याच विकल्या गेलेल्या हजारो हबश्यांची नावं कुठेच उरली नाहीत.

मोजून काय मिळतं, असा प्रश्न मला मित्र विचारतात. त्याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत आहे. लेसोथो आणि मोझांबिकमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं करारावर तिथे जात राहिली. धुळीने फुप्फुसं निकामी झाली की घरी परतत राहिली. अखेर खटला उभा राहिला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने किमान ५ अब्ज रँडच्या भरपाईच्या तडजोडीला मान्यता दिली. मग खरा शोध सुरू झाला. कोण, कोणत्या खाणीत, किती वर्षं होता? ज्यांच्या कामाची नोंद सापडली त्यांचा दावा पुढे सरकला. अनेक जण तोवर गेलेही होते.

आता आपल्याकडे या. वीस हंगाम ऊस तोडून कंबर गेलेल्या बाईने उद्या भरपाई मागितली, तर ती कोणता कागद दाखवेल? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला. तेव्हा कुठे सर्वेक्षण झालं आणि ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. आकडा आला, पण गर्भाशयं गेल्यानंतर. पाथर्डी आणि जामखेडच्या बायका त्याच टोळ्यांत, त्याच कोप्यांत राहतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वाटेत मेलेल्या स्थलांतरितांचा आकडा विचारला गेला तेव्हा केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की अशी माहिती ठेवलेली नाही. माहितीच ठेवलेली नसेल, तर नुकसानभरपाई कशाची द्यायची?

इथपर्यंत वाचून काही जणांच्या मनात वेगळीच धाकधूक झाली असेल. मला ती कळते, कारण ती माझ्याही घरात आहे. मी आपल्या गावची यादी करू म्हटलं, तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न होता, “यादी कुणाच्या हातात जाणार?” गेल्या काही वर्षांत आपण कागदांना घाबरायला शिकलो आहोत. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार याद्यांच्या फेरतपासणीत प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली. त्यांतली सुमारे ३६ लाख ‘कायमचे स्थलांतरित’ किंवा ‘आढळले नाहीत’ या रकान्यातली होती. कामाला गेलेला माणूस घरी आढळला नाही की तो यादीतून जाऊ शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे अम्मीची भीती मी हसण्यावारी नेत नाही.

पण त्या उदाहरणातून मी वेगळा धडा घेतो. ज्यांची नावं गेली, ती कुणी मोजल्यामुळे गेली नाहीत. ती घरी नसताना मोजणी झाली आणि ‘हा हंगामी बाहेर आहे, परत येणार आहे’ असं सांगणारा पुरावा कुणाकडे नव्हता. लपून राहिल्याने आपण सुरक्षित होत नाही. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण सोपी आहे. माणसं मोजणं वेगळं आणि माणसांवर नजर ठेवणं वेगळं. गावातून किती जण गेले हे कळायला नाव, आधार क्रमांक, जात, धर्म यांतलं काहीच लागत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. तुमच्यापैकी ज्यांचं गाव पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत पट्ट्यात आहे, त्यांनी दसऱ्याला गावी जावं, टोळ्या निघण्याआधी. चार-पाच जणांनी वाड्या-वस्त्या वाटून घ्याव्यात आणि घरटी फक्त इतकं विचारावं : बाया किती, बाप्ये किती, चौदा वर्षांखालची मुलं किती, कोणत्या तालुक्यात जाणार, कधी निघणार, मागच्या वेळी कधी परतले. नावं लिहू नका. गावचा एकच बेरजेचा कागद करा आणि तो ग्रामसभेत वाचा. पाडव्यानंतर पुन्हा मोजा. आणि एक विनंती, फक्त आपल्या मोहल्ल्याची यादी करू नका. टोळी एकत्र जाते, मोजणीही एकत्रच व्हायला हवी. वंजारवाडीतली पोरं सोबत असतील तर ग्रामसभेत तुमचं म्हणणं कुणाला ढकलता येणार नाही.

त्या बेरजेला धरून मागण्याही करता येतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र मिळण्याची सोय २०२१ पासून आहे. ते बाईच्या नावे वेगळं मिळालं पाहिजे. भगवानबाबा वसतिगृह योजनेच्या पहिल्या टप्प्यात पाथर्डी आणि जामखेड होते. किती मुलांची गरज आहे हा आकडा तुमच्या कागदावर असेल. आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आत्ताच मागणी करा की फेब्रुवारी २०२७ आधी प्रत्येक कारखान्याने कोप्यांच्या तळांची यादी तहसीलला द्यावी, म्हणजे प्रगणकाला पत्ता सापडेल. तोडणीचा कार्यक्रम शेतकी विभागाकडे असतोच. टोळी कुठल्या शिवारात आहे, हे कारखान्याला माहीत असतं.

तुम्ही पुण्या-मुंबईत नोकरीला असाल तर हा प्रश्न तुमचाही आहे. मी अकरा वर्षं पुण्यात राहतो. माझं मत गावाला, रेशनकार्ड गावाला, घरभाडं पुण्यात. फॉर्ममध्ये पत्त्याचा एकच रकाना असतो आणि मी दर वेळी अडखळतो. माझं त्यात फार अडत नाही, कारण माझ्याकडे पगाराची पावती आहे. माझ्या बाकावरच्या मित्राकडे ती नाही. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. गेल्या वर्षी गावी भेटला, आता तो बायकोबरोबर जातो, एक कोयता. मुलगी पाचवीत आहे. हंगामात तिची हजेरी कशी लागते, ते मी विचारलं नाही. येत्या दसऱ्याला विचारणार आहे.