पालला जायचे ठरले

सहलीपेक्षा सहलीचा बेत अधिक गोड असतो, असे माझे जुने मत होते. बेताला पेट्रोल लागत नाही, ऊन लागत नाही, आणि बेतात कुणालाही मोटार लागत नाही. गेल्या दिवाळीत मात्र हे मत मला बदलावे लागले. ते कसे, ते आज सांगतो.

आमच्या रावेरच्या उत्तरेला सातपुडा आहे. गच्चीवर गेले की तो दिसतो. पावसाळ्यात हिरवा, हिवाळ्यात निळा आणि वैशाखात धुळीने मळकट. मी कॉलेजात मराठी शिकवतो. बालकवी आमच्याच जिल्ह्यातल्या धरणगावचे, त्यामुळे त्यांची निसर्गकविता शिकवताना मला जरा जास्तच भरते येते. वीस वर्षे मी मुलांना झरे, रानफुले आणि दऱ्या समजावून सांगत आलो. खरे झरे आणि खऱ्या दऱ्या पंचवीस-तीस किलोमीटरवर होत्या. तिथे मात्र मी क्वचितच गेलो. जवळच्या गोष्टीला केव्हाही जाता येते, हेच तिथे कधीही न जाण्याचे मुख्य कारण असते.

भाऊबीजेला पुण्याहून ताई आली होती. ओवाळणी झाली, फराळाची ताटे पुढे आली आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रविवारी सगळ्यांनी मिळून मोटारीने कुठेतरी डोंगरात जायचे, एवढे एकच वाक्य मी उच्चारले आणि सभेला सुरुवात झाली.

ताई म्हणाली, "इतक्या वर्षांनी आलेय, मुक्ताईचं दर्शन घेतल्याशिवाय मी जायची नाही." मी मुक्ताईनगर लिहिले. तिथवर गेलोच तर तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आलेच. सौभाग्यवतींना मनुदेवी हवी होती. तिथे देवीही आहे आणि धबधबाही, म्हणजे एका फेरीत पुण्य आणि करमणूक दोन्ही. कन्येच्या इतिहासाच्या पुस्तकात १६०१ साली अकबराने घेतलेला असीरगड होता. तो बऱ्हाणपूरच्या पलीकडे. वाटेत बऱ्हाणपूर लागतेच, आणि १६३१ साली मुमताजमहल जिथे वारली ते गाव न पाहता पुढे जाणे इतिहासाच्या विद्यार्थिनीला कसे शोभावे?

कन्येने मोबाइलवर सगळे अंतर मोजले. दोनशे किलोमीटरच्या पुढे गेले. शिवाय या ठिकाणांपैकी एक पूर्वेला, एक पश्चिमेला आणि एक दक्षिणेला. मी प्राध्यापकी हातोटीने वेळापत्रक आखले. मुक्ताई पाऊण तास, मनुदेवी एक तास, असीरगड दीड तास. चहाला दहा मिनिटे. कागद इतका देखणा झाला की मला त्याचा अभिमान वाटू लागला.

नाना खुर्चीत बसून करंजी खात होते. त्यांनी हात पुसला आणि कागद मागितला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. चाळीस वर्षे शाळामास्तर होते ते. कागद वाचताना त्यांच्या हातात अजूनही अदृश्य लाल पेन्सिल असते.

"यात पाल कुठे आहे?" त्यांनी विचारले.

कुणी काही बोलले नाही. कारण पाल म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

सातपुड्याच्या कुशीत, रावेर तालुक्यातच, पाल हे लहानसे गाव आहे. नानांची नोकरीतली पहिली बदली तिथल्या शाळेत झाली. लग्न होऊन आई प्रथम नांदायला गेली ती रावेरला नव्हे, पालला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. नाना तिथे असतानाच, १९६९ साली, भोवतालचे जंगल यावल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आई पुढे आयुष्यभर रावेरला राहिली, पण तिच्या गोष्टींमध्ये विहीर असायची ती पालची आणि पाऊस असायचा तोही पालचाच. "एकदा मला ते घर दाखवून आण रे," असे ती मला दर वर्षी म्हणायची, आणि दर वर्षी मी बेत करायचो. एका वर्षी उत्तरपत्रिका आल्या, एका वर्षी कन्येची परीक्षा, एका वर्षी मोटारीचे टायर. "या दिवाळीनंतर नक्की," असे मी शेवटचे म्हणालो. त्या दिवाळीनंतर, मार्गशीर्षात, आई गेली. बेताचा कागद माझ्या टेबलाच्या खणात तसाच राहिला. त्यातही मी चार ठिकाणे कोंबली होती.

मी नानांच्या हातातून वेळापत्रक घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूला एकच शब्द लिहिला. ताईने मान हलवली. मुक्ताई म्हणे रागावत नाही.

मग खरा बेत सुरू झाला. त्याचे श्रेय नानांचे. वाचकांना उपयोगी पडावा म्हणून तो इथे देतो. डोंगरातल्या सहलीला एकच मुक्काम ठरवावा. वाट हाच मुक्काम समजावा. पहाटे निघावे आणि दिवस मावळायच्या आत घाट उतरावा. टाकी आणि पाण्याची भांडी घरूनच भरून घ्यावी. रस्ता कागदावर लिहून न्यावा, कारण दरीत मोबाइल मुका होतो. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो खरा, पण नदीपात्रात उतरू नये. वर कुठे पाऊस पडला ते खाली कळत नाही. २०२२ च्या जुलैत सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणाजवळ सहलीला आलेले लोक असेच वाढत्या पाण्यात अडकले होते आणि त्यांना बाहेर काढावे लागले. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. गवत पिवळे झालेले असते, साग अजून हिरवा असतो आणि नदीला पाणी असते.

यावर एकमत झाले, पण भरितावरून भांडण झालेच. हिवाळ्यातली सहल आणि भरीत नाही, हे खानदेशात कुणाला सांगावे! ताईचे म्हणणे, वांगी जंगलातच काड्यांच्या जाळावर भाजायची, तरच चव. नाना म्हणाले, "दिवाळीनंतरच्या वाळल्या गवतात एक ठिणगी पडली तर डोंगर पेटतो. मी पेटलेला पाहिलाय. जंगलात काडी पेटवायची नाही." शेवटी शनिवारी रात्री आमच्या परसात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, आणि कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या असा सगळा सरंजाम डब्यांत भरला. थंड भरीतही चांगले लागते, हा शोध ताईने दुसऱ्या दिवशी स्वतःच जाहीर केला.

रविवारी पहाटे निघालो. नाना पुढे बसले. कुसुंब्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीच केळी. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण ही केळी पाणी कुठले पिते, हे मला त्या दिवशी समजले. डोंगराच्या पायथ्याशी एका नाल्याच्या पुलावर नानांनी मोटार थांबवायला सांगितली. पात्रात नुसते गोटे आणि वाळू.

"नदी कोरडी आहे," कन्या म्हणाली.

"कोरडी नाही, खाली गेली आहे," नाना म्हणाले. "सातपुड्यातल्या नद्यांनी हजारो वर्षं गोटे आणून इथं पायथ्याला टाकले. वरून आलेलं पाणी या गोट्यांत मुरतं आणि जमिनीखालून पुढं आपल्या विहिरींना जातं. वर झाडं असली तर पाणी सावकाश येतं, मुरायला वेळ मिळतो. झाडं गेली की ते धावत येतं आणि तापीला जाऊन मिळतं."

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीला डोकावले की पाणी दिसे. आता तालुक्यात शेकडो फूट खोल कूपनलिका घेतात. मी हे आकडे वर्तमानपत्रात वाचले होते. पुलावर उभे राहून पाहिल्यावर डोंगर आणि विहीर यांचे नाते प्रथमच ध्यानात आले.

लालमातीच्या पुढे दऱ्या सुरू झाल्या. नाना झाडांची हजेरी घेऊ लागले. साग, सालई, धावडा, पळस, मोह. अंजनाचे झाड त्यांनी जुना विद्यार्थी भेटावा तसे ओळखले. त्याचे पान जोडीचे असते, दोन पाने देठाशी चिकटलेली. कन्येने एक पडलेले पान उचलून वहीत ठेवले. मधूनच एखादा उतार उघडा लागे, नुसते बुंधे उरलेले. तिथे नाना हजेरी थांबवीत आणि समोर पाहत राहत. पाऊणेदोनशे चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आहे. तोड आणि अतिक्रमण यांनी त्यातले बरेच विरळ केले आहे. ज्यांच्या पिढ्या या रानात गेल्या त्या पावरा, तडवी, भिल्ल लोकांच्या पोटाचा प्रश्नही त्यात आहे. एका रविवारच्या पाहुण्याने त्यावर व्याख्यान देऊ नये, म्हणून मीही गप्प बसलो.

पालला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. गाव वाढले आहे. वन खात्याची प्रशिक्षण संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, दुकाने आहेत. महाशिवरात्रीला शिरवेल महादेवाच्या यात्रेला जाणारी माणसे याच वाटेने पुढे मध्य प्रदेशात उतरतात. आई त्यांना पाणी द्यायची, असे नाना म्हणाले. शाळेची इमारत नवी होती. दोन खोल्यांचे घर सापडले नाही. ज्या गल्लीत ते असावे तिथे एक सिमेंटचे घर होते. ओट्यावर एक म्हातारी तडवी बाई शेंगा निवडत बसली होती. नानांनी विचारले, "इथं विहीर होती ना?"

"होती की," ती म्हणाली. "बुजवली. तुम्ही कोण?"

"मी इथं मास्तर होतो."

तिने नानांकडे निरखून पाहिले. मास्तर तिला आठवले नाहीत. पण थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "एक मास्तरीणबाई होती. नवी नवरी. विहिरीवर पाय घसरून घागर फोडली नि रडत बसली. आम्ही पोरी हसलो होतो."

ही घागरीची गोष्ट आईने आम्हाला कधीच सांगितली नव्हती. नाना हसले आणि बराच वेळ हसत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. ताईने डबा उघडून त्या बाईला भरीत आणि पुऱ्या दिल्या, आणि आम्ही सगळे त्याच ओट्यावर जेवलो.

परतताना खिरोद्याकडून घाट उतरलो. उन्हे कलली होती. सावद्याला चहा घेताना मी म्हणालो, "नाना, पुढच्या वर्षी असीरगडाचा बेत करू."

"बेत नको करूस," नाना म्हणाले. "तारीख सांग."

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एका रविवारभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला असेल. तो मी काढलेला नाही. नानांनी काढला आहे. तुमच्याही घरी कुणीतरी वर्षानुवर्षे एखाद्या जवळच्या गावाचे नाव घेत असेल. फराळ झाला की त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि कॅलेंडर घेऊनच बसा.