प्रश्न क्रमांक ५५

अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यापासून गावाकडची मुलं मला हमखास विचारतात, "भाईजान, मुसलमान म्हणून तिथं जास्त उलटतपासणी होते का?" पगाराचा प्रश्नसुद्धा त्यानंतर येतो.

माझी मुलाखत साधारण पंचवीस मिनिटं चालली. अधिकारी बाई सौजन्यानं बोलल्या. आधी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ, मग अर्जातल्याच गोष्टींची उजळणी. पाच वर्षांत कुठे राहिलात, देशाबाहेर किती दिवस होतात, कर भरलात का. कुठल्या संघटनांचे सभासद आहात, दहशतवादी संघटनेशी कधी संबंध आला का, एका वेळी एकापेक्षा जास्त बायका होत्या का. हे प्रश्न मेक्सिकोहून आलेल्या गवंड्यालाही असतात आणि पुण्याहून आलेल्या जोश्यांनाही. आपल्या कानाला ते वेगळे ऐकू येतात, एवढं मात्र खरं. अर्जात आणखी एक रकाना असतो: नाव बदलायचं आहे का? पुढे मुलांना शाळेत सोपं जाईल, असा सल्ला मला दोघातिघांनी प्रेमानं दिला होता. मी 'नाही' वर खूण केली.

परीक्षेचं फार कौतुक नको. मी दिली तेव्हा शंभर प्रश्न उत्तरांसकट आधीच हातात होते. त्यातले जास्तीत जास्त दहा तोंडी विचारायचे, सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली आहे. वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर हवेत. इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. इंजिनिअरिंगची व्हायव्हा दिलेल्या माणसाला यात घाम फुटायचं कारण नाही.

त्या शंभरांतल्या पंचावन्नाव्या प्रश्नाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. अमेरिकन माणूस आपल्या लोकशाहीत कोणत्या दोन मार्गांनी भाग घेऊ शकतो? सरकारनं स्वतः छापलेल्या उत्तरांत मतदान आहे, पक्षात जाणं आहे, निवडणूक लढवणं आहे. शिवाय लोकप्रतिनिधीला आपलं मत कळवणं, वर्तमानपत्राला लिहिणं आणि एखाद्या धोरणाला उघडपणे पाठिंबा देणं किंवा विरोध करणं, हेही आहे.

आमच्या मशिदीत रविवारी अर्जदारांचा अभ्यास चालतो. तिथं या प्रश्नाला सगळे एका सुरात 'मतदान आणि पक्ष' म्हणतात. एकानं 'धोरणाला विरोध' म्हटलं, तर शेजारचे चाचा हळूच म्हणाले, "बेटा, ये वाला मत बोलना." उत्तर छापील आहे, बरोबर आहे, त्यावर गुण मिळतात, तरी ते तोंडातून काढायचं नाही! अर्ज करण्याआधी फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट पुसून टाकणारेही मला माहीत आहेत.

या भीतीला मी हसणार नाही. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या पॅलेस्टाईन आंदोलनात पुढे असलेल्या महमूद खलीलला पकडलं, तेव्हा त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. शंभराहून जास्त दिवस तो कोठडीत होता. त्यामुळे शपथविधीच्या आधीची चुप्पी मला समजते. नंतरची समजत नाही. पासपोर्ट हातात येऊन दहा वर्षं झालेले, घर-गाडी-मुलं सगळं इथलं असलेले लोक अजून 'आपण कशाला त्यात पडा' म्हणतात, तेव्हा मला राग येतो.

कारण ही दारं गप्प बसून उघडलेली नाहीत. १७९० च्या कायद्यानं नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला देऊ केलं होतं. कलकत्त्यात जन्मलेल्या अब्बा डोल्ला या अफगाण वंशाच्या व्यापाऱ्याला जॉर्जियाच्या कोर्टात न्यायाधीशानं बाह्या वर करायला लावल्या आणि उन्हानं न रापलेल्या कातडीचा रंग पाहिला. १९१० मध्ये त्याचं नागरिकत्व टिकलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयानं नाकारलं. १९४२ मध्ये मिशिगनमध्ये अहमद हसन या येमेनी माणसाला नकार देताना न्यायाधीशानं त्याच्या मुसलमान असण्याचाही हिशेब धरला. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मोहरिएझ नावाच्या अरबाला दुसऱ्या न्यायाधीशानं होकार दिला. भारतीयांसाठी दार उघडलं ते १९४६ च्या कायद्यानं. त्यासाठी इंडिया लीगच्या जे. जे. सिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरठे झिजवले. तेव्हा ते स्वतः नागरिक नव्हते, होऊही शकत नव्हते. शंभर प्रश्नांच्या यादीत यातलं एकही नाव नाही.

या पासपोर्टासाठी मी भारताचा पासपोर्ट परत केला. आपल्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम तसं सांगतं: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे. त्यावर येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. अब्बांच्या वॉर्डातल्या निवडणुकीत मी आता नुसता बघ्या आहे.

तुमची कुणी परीक्षा घेतली नाही. कागद मात्र मागतात. २०१९-२० मध्ये आपल्या घराघरांत आजोबांचे दाखले, जमिनीचे उतारे शोधले गेले, ते मीही फोनवर ऐकत होतो. कागद सांभाळाच. पण गेल्या सुट्टीत धाकटा चुलतभाऊ गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल तासभर बोलला. मी विचारलं, लेखी अर्ज दिलास का? माहिती अधिकारात विचारलंस का? तो म्हणाला, "आपलं नाव बघून कोण दखल घेणार?" अर्ज न देताच त्यानं निकाल लावून टाकला होता. मतदार यादीत त्याचं नाव आहे. माझं नाही.

नागरिक झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी आमच्या मतदारसंघाच्या खासदाराच्या कार्यालयात फोन केला. गाझाला जाणाऱ्या मदतीबद्दल मला काय वाटतं ते सांगायचं होतं. फोन उचलणाऱ्या मुलीनं नाव आणि पिनकोड विचारला. नावाचं स्पेलिंग दोनदा सांगावं लागलं. तिनं ते लिहून घेतलं.