निळी सावली

क्लोद मोने याने 1868-69च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या एत्रताजवळ बर्फाचं एक चित्र रंगवलं. काटक्यांच्या कुंपणाला लहानसं फाटक आणि त्यावर एकच पक्षी बसलेला. चित्राचं नावही त्या पक्ष्याचंच, ‘मॅगपाय’. 1869च्या पॅरिस सलाँ या चित्रप्रदर्शनाने ते नाकारलं. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.

या चित्राची खरी दौलत कुंपणाच्या सावलीत आहे. ती निळसर-जांभळी आहे. सावलीतल्या बर्फावर थेट ऊन पडत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि पांढरा बर्फ तो परत फेकतो. मोनेने डोळ्यांना दिसलं ते रंगवलं; सावली काळपटच असते, हा समज त्याने मानला नाही. केवढं हे धाडस!

मुळशी तालुक्यातल्या कोळवण गावाला बर्फ कुठला? पण भातकापणीनंतर खाचरांत फिकट धसकटं उरतात, डिसेंबरच्या सकाळी धुकं उतरतं, आणि ते विरून ऊन आलं की बांधावरच्या झाडांच्या लांब सावल्या पडतात. धसकटं बर्फाइतकी पांढरी नसतात, म्हणून तिथे निळाई पुसट असते. तरी कोळवणच्या चित्रकाराने सावलीसाठी काळ्या रंगाकडे वळण्याआधी निळा हाती घेऊन पाहावा.