पहिला क्रमांक म्हणजे निवाडा नव्हे

पाश्चात्य रॉक संगीताविषयी आमच्या समाजात दोन मते ऐकू येतात. तरुण म्हणतात, हे गाणे यादीत पहिले आले, तेव्हा ते उत्तम. वडीलधारी मंडळी म्हणतात, ज्या संगीतात असले गाणे पहिले येते, ते संगीतच त्याज्य. पक्ष परस्परविरोधी, परंतु साक्षीदार एकच: लोकप्रियतेची यादी. त्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणीच घेत नाही. ती आम्ही घेऊ इच्छितो.

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९५८ साली ‘हॉट १००’ ही यादी सुरू केली. तबकड्यांची विक्री व नभोवाणीवरील वादन हे त्या काळी तिचे आधार होते. परंतु विशिष्ट तबकड्या वाजविण्यासाठी निवेदक पैसे घेत, हे १९६० साली तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उघड झाले व त्याच वर्षी असे गुप्त पैसे घेणे गुन्हा ठरले. ‘रॉक अँड रोल’ हे नाव घरोघर नेणाऱ्या अ‍ॅलन फ्रीडलाही १९६२ साली न्यायालयात लाचेचा गुन्हा कबूल करावा लागला.

लाच सोडून देऊ. प्रामाणिक मोजणी तरी कशी होती? १९९१ पर्यंत अल्बमांची यादी दुकानदारांनी दूरध्वनीवरून सांगितलेल्या माहितीवर तयार होई. आम्हां वकिलांच्या भाषेत हा ऐकीव पुरावा. त्या वर्षीच्या मे महिन्यात विक्रीची नोंद यंत्राने होऊ लागली. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप मंडळीचा अल्बम पहिला आला; सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा ‘कंट्री’ धाटणीचा अल्बम प्रवेश करतानाच शिखरावर बसला. श्रोते काही चार महिन्यांत बदलले नव्हते. मोजणारा बदलला होता.

आता यादीबाहेर काय राहिले, तेही पाहावे. लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ १९७१ साली निघाले, पण अमेरिकेत ते सुट्या तबकडीच्या रूपाने विक्रीस न काढल्यामुळे ‘हॉट १००’ मध्ये आले नाही. दावाच दाखल नाही, तेथे निकाल कसला? क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली, पहिल्यावर एकही नाही. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ साली एकच आठवडा पहिला होता; परंतु १९८८ पर्यंत तो ७४१ आठवडे यादीत टिकून राहिला. यांपैकी कोणता आकडा खरा मानावयाचा?

यादी निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. माल किती मागवावा, हे व्यापाऱ्याला तिच्यावरून कळते. मात्र किती खपले या प्रश्नाचे उत्तर कसे आहे या प्रश्नाला देता येत नाही. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात भजन अखंड चोवीस तास चालते. तेथे कोणता अभंग कितव्या क्रमांकाचा, हे कोणी विचारीत नाही. गायकाचा सूर लागला की नाही, हे मंडपात बसलेल्याला आपल्या कानांनी कळते.

तोच कान तरुणांनी यादीच्या स्वाधीन केला आहे, आणि वडीलधाऱ्यांनी तर तो उघडलेलाच नाही. पहिल्यांना आमचे सांगणे इतकेच, की आवडले असेल तर का आवडले ते सांगा. क्रमांक सांगू नका. दुसऱ्यांना न्यायाचे जुने तत्त्व स्मरण करून देतो: ऐकून घेतल्यावाचून कोणालाही दोषी ठरवू नये. संगीताच्या बाबतीत तर या तत्त्वाचा अर्थ अक्षरशः घ्यावयाचा आहे.