चाड सरोवराकाठी रक्तपात, न्यूयॉर्कमध्ये भारताचं 'नाही': हवामान बदलामुळे खरंच संघर्ष पेटतात का?

उलुम्सा हे आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या उत्तर टोकाचं, चाडच्या सीमेलगतचं एक गाव. ५ डिसेंबर २०२१ रोजी इथे मच्छीमार, शेतकरी आणि पशुपालक यांच्यात पाण्यावरून वाद झाला. तो मिटला नाही, उलट शेजारच्या गावांत पसरला. घरं पेटवली गेली. तीन दिवसांत हे लोण कुसेरी शहरात पोहोचलं आणि तिथला गुरांचा बाजार उद्ध्वस्त झाला. दोन आठवड्यांत ४० हून जास्त जणांचा जीव गेला आणि एक लाखाहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. त्यातले बहुतेक जण नदी ओलांडून चाडमध्ये गेले.

उलुम्साच्या घटनेनंतर आठच दिवसांनी, १३ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एक ठराव मतदानाला आला. हवामान बदलामुळे शांततेला निर्माण होणारा धोका परिषदेने विचारात घ्यावा, असं त्यात म्हटलं होतं. १२ देश ठरावाच्या बाजूने होते. चीन तटस्थ राहिला, रशिया आणि भारताने विरोधात मत दिलं. रशियाकडे व्हेटो असल्यामुळे ठराव बारगळला.

मग यात बरोबर कोण? त्यासाठी आधी भांडणाचं मूळ समजून घेऊया.

वाद नेमका कशाचा?

या भागात मुसगुम समाज मासेमारी आणि शेती करतो. नदीचं पाणी ओसरताना ते अडून राहावं म्हणून हे लोक चर आणि खड्डे खणतात. अरब शोआ समाज गुरं पाळतो. पाण्यावर आलेली ही गुरं चिखलात अडकतात आणि तिथून ठिणगी पडते. ऑगस्ट २०२१ मध्येही याच कारणावरून हिंसाचार झाला होता.

पाणी मुबलक असेल तर अशी भांडणं गावातले जाणते लोक बसून मिटवू शकतात. पाणी आटलं की तोच खड्डा एकासाठी वर्षाची कमाई होतो आणि दुसऱ्यासाठी गुरांच्या जिवावर उठलेला सापळा.

यात हवामान कुठे आलं?

१९६० च्या दशकात चाड सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे २५,००० चौरस किलोमीटर होतं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या भीषण दुष्काळांनंतर ते जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आलं. सोशल मीडियावर त्याचे 'तेव्हा आणि आता' असे फोटो फिरतात. त्यावरून सरोवर अजूनही दरवर्षी आटतंय असं वाटतं, पण तसं नाही. नंतरच्या काळात त्यात काही प्रमाणात पाणी परतलं.

खरी अडचण अनिश्चिततेची आहे. पाऊस कधी आणि किती येईल, याचा भरवसा उरलेला नाही. पीक निघाल्यावर गुरं शेतात यायची, शेताला खत मिळायचं आणि गुरांना चारा, अशी या पट्ट्यात जुनी घडी होती. आता चाऱ्याच्या शोधात गुरं लवकर येतात, तेव्हा शेतात पीक उभं असतं. त्यात लोकसंख्या वाढली. २००९ पासून बोको हरामच्या हिंसाचारामुळे पशुपालकांच्या जुन्या वाटाही धोक्याच्या झाल्या.

म्हणजे दोष हवामानाचाच?

पूर्णपणे नाही. हवामान बदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने २०२२ च्या अहवालात म्हटलंय की, इतर सामाजिक-आर्थिक कारणांच्या तुलनेत संघर्षावर हवामानाचा प्रभाव कमी आहे. गरिबी, दुबळं प्रशासन आणि आधीपासूनची तेढ ही कारणं जास्त मोठी आहेत.

लातूर आठवा. २०१६ च्या दुष्काळात तिथे पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. पण १२ एप्रिलला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली आणि पुढेही येत राहिली. टंचाई भीषण होती, तरी पाणी पोहोचवणारी आणि वाद आवरणारी यंत्रणा हजर होती. ती नसते तेव्हा माणसं आपापल्या जमातीकडे आणि हत्यारांकडे वळतात.

भारताने विरोध का केला?

भारताचं म्हणणं असं होतं की, हवामान बदल हा विकासाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे. त्यावर निर्णय सर्व देशांना स्थान असलेल्या हवामान परिषदांमध्ये व्हावेत. पाच देशांच्या हाती व्हेटो असलेल्या सुरक्षा परिषदेत नव्हे. शिवाय संघर्षाचं खापर हवामानावर फोडलं की खरी कारणं झाकली जातात.

यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. आयर्लंडसोबत हा ठराव मांडणारा नायजर हा चाड सरोवराच्या काठावरचाच देश आहे. आणि हवामान परिषदांमधून त्याच्यासारख्या देशांना काय मिळालं? श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं आश्वासन २००९ मध्ये दिलं होतं. हा आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा.

पाऊस लहरी झाला तरी गुरांच्या वाटा आखता येतात, सामायिक पाणवठे बांधता येतात, तंटा मिटवणारी माणसं नेमता येतात. त्यासाठी पैसा लागतो आणि गावापर्यंत पोहोचणारं सरकार लागतं. या दोन्ही गोष्टी वेळेवर आल्या नाहीत, तर पुढचं उलुम्सा कुठे घडेल एवढाच प्रश्न उरतो.